बाळ्यास पत्र

प्रिय बाळ्या,

दिवाळीपासून पत्र नाही, तुझ्या शिव्या देऊन झाल्या असतील. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच. मुद्द्यावर येतो, इथं ऑफिसात बोललो तर हसतील.

पूर्व लंडनमधल्या एका बंद पबचं किराणा दुकान करायचं काम आलंय. नाक्यावरची इमारत, १८९० नंतरची, ब्रुअरीवाले चढाओढीनं पब बांधत होते तेव्हाची. बाहेरून बाटलीहिरव्या चकचकीत टाइल्स, फुटपाथवर पिंपं उतरवायची झाकणं. या सगळ्याला हात लावायचा नाही, अशी परवानगीत अट आहे. (मे २०१७ पर्यंत इंग्लंडात पबचं दुकान करायला परवानगीसुद्धा लागत नसे, घे!) आतलं मात्र काहीही पाडा. मालकाला सलग हॉल हवाय, ट्रॉली फिरायला.

अडलंय ते आतच. लाकडी आडभिंतींनी कप्पे पाडलेत: मजुरांचा, साहेबलोकांचा, आणि घरी बिअर नेणाऱ्यांसाठी एक चिंचोळा खण. म्हणजे दुकान तिथं आधीपासून होतंच की! साहेबांच्या बाजूला काउंटरवर, डोळ्यांच्या उंचीला, नक्षीदार काचेच्या फिरत्या झडपा आहेत. बारवाल्याला गिऱ्हाइकाचं तोंड दिसू नये म्हणून. अजून फिरतात रे, जराशा कुरकुरत. 'गुडलक'समोरच्या त्या बारमध्ये असत्या तर काळेसरांनी आपल्याला धरलं नसतं.

शनिवारातल्या वाड्यावरून तू महिनाभर अबोला धरला होतास, आठवतं? मी म्हणालो होतो, दिंडी दरवाजा ठेवला की झालं, आत लोकांना संडास हवेत. तू म्हणालास, मग दरवाजाच न्या म्युझियममध्ये. संडासाबद्दल माझं मत आजही तेच आहे. पण परवा ब्रिक लेनला गेलो. थ्रॉल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर जुना 'फ्राइंग पॅन' पब, पुढं त्याचं करी रेस्टॉरंट झालं. वर टेराकोटाचे दोन तवे एकमेकांवर तिरपे, शाबूत. ब्रिक लेनवरच १७४३ चं फ्रेंच प्रोटेस्टंटांचं प्रार्थनाघर आहे. १८९८ मध्ये त्याचं सिनेगॉग झालं, १९७६ मध्ये मशीद. देवाला एक मोठी खोली पुरते, कुणाचाही असो. पबला नाही पुरत. त्या आडभिंती काढल्या की उरतो तो टाइल्स लावलेला गाळा.

चिनूचं अभिनंदन, पेढे राखून ठेव. कोथरूडच्या ऑफिसला पार्किंग आहे का? वहिनींना नमस्कार.

सोमवारी नकाशा द्यायचाय. एक आडभिंत आणि झडपा राखून पाहिल्यात, पण फ्रीजर चार फुटांनी आखूड होतोय आणि मालक वैतागणार. स्केच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. लाल पेनानं खुशाल फाड, फक्त रविवारच्या आत. या वेळी अबोल्याला वेळ नाही.

तुझा,
अव्या