डीएनएस वळवणारा नियम

महोदय,

घरातील सर्व उपकरणांची डीएनएस विचारणा (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता विचारणे) आपल्याच सर्व्हरकडे वळावी म्हणून राउटरच्या फायरवॉलमध्ये पोर्ट ५३ साठी, म्हणजे साध्या डीएनएस विचारणेच्या ठरलेल्या क्रमांकासाठी, नियम लिहिला, की अनेकदा इंटरनेटच बंद पडते आणि दोष मात्र सेवा पुरवठादाराला दिला जातो. बहुधा त्या नियमातून खुद्द डीएनएस सर्व्हरला वगळलेले नसते. परिणामी त्याने बाहेर पाठवलेली विचारणा पुन्हा त्याच्याकडेच परतते. सर्व्हर उपकरणांच्याच नेटवर्कमध्ये असल्यास मास्करेडचा (पाठवणाऱ्याच्या पत्त्याऐवजी राउटरचा पत्ता लावण्याचा) नियमही लागतो, अन्यथा उत्तर भलत्याच पत्त्यावरून आल्याने उपकरण ते नाकारते. आयपीव्ही६ चे, म्हणजे आयपी पत्त्यांच्या नव्या पद्धतीचे, नियमही तपासावेत. पोर्ट ८५३ किंवा ४४३ वरून जाणारी कूटबद्ध विचारणा मात्र या नियमाला सापडतच नाही, हे राउटर उत्पादकांनी सेटिंगच्या पानावरच स्पष्ट लिहावे.

– एक वाचक