आईचा रिपोर्ट आणि कलम ४३ए : माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या वर्षी आईच्या रक्ताचा रिपोर्ट बघायचा होता. लॅबने मोबाइलवर पाठवलेली लिंक मी कॉम्प्युटरवर हाताने टाइप करत होतो. शेवटचा एक आकडा चुकला आणि भलत्याच बाईंचा थायरॉइडचा रिपोर्ट उघडला. नाव, वय, फोन नंबर, सगळं समोर. पासवर्ड नाही, ओटीपी नाही. लॅबला फोन केला, तर काउंटरवरच्या बाईंचा आवाज चढला, "पण तुम्ही दुसऱ्याच्या रिपोर्टमध्ये शिरलातच कसे?"

राग आला खरा. पण नंतर कायदा काढून वाचला, तेव्हा कळलं की तो प्रश्न अगदीच अस्थानी नव्हता. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ प्रमाणे मालकाच्या परवानगीशिवाय संगणक यंत्रणेत शिरणाऱ्यावर भरपाईची जबाबदारी येते. तेच अप्रामाणिक हेतूने केलं, तर कलम ६६ लागतं : तीन वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मला आईचं हिमोग्लोबिन बघायचं होतं, एवढं बहुधा कुणालाही पटेल. अशा फटी मुद्दाम शोधून कळवणाऱ्या पोरांचं काय? त्यांच्यासाठी या कायद्यात स्पष्ट संरक्षण नाही.

आणि दार सताड उघडं टाकणारा? त्याच्यासाठी २००८ च्या दुरुस्तीने कलम ४३ए आणलं. संवेदनशील माहिती सांभाळताना कंपनीने हलगर्जीपणा केला आणि त्यातून कुणाचं नुकसान झालं, तर भरपाई त्या माणसाला. वैद्यकीय माहितीही त्यात येते. कलम लंगडं आहे, कारण ते व्यावसायिक संस्थांपुरतंच आहे. सरकारी कार्यालयं त्यातून सुटतात. तरी निदान दाद मागायला एक जागा आहे. ५ कोटींपर्यंतचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, न्यायनिर्णय अधिकारी म्हणून, चालतात.

महाराष्ट्रात त्या अधिकाराचा वापरही झालाय. पुण्यातल्या एका उद्योगाच्या पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून ८०.१० लाख रुपये परस्पर वळवले गेले. मालक फसव्या ईमेलला बळी पडले होते, म्हणजे चूक त्यांचीही होती. तरीही २०१३ मध्ये तेव्हाचे माहिती तंत्रज्ञान सचिव राजेश अग्रवाल यांनी बँकेला ४५ लाख द्यायला लावले. फसवणुकीसाठी उघडलेली खाती बँकेने नीट तपासली नव्हती. चूक दोघांची, तर भारही दोघांवर. इतका सरळ हिशेब आपल्याकडे क्वचितच होतो.

आता मूळ तक्रार. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम ४४ ने हे ४३ए वगळायचं ठरवलंय. नोव्हेंबर २०२५ च्या अधिसूचनेप्रमाणे ते अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये अमलात येईल. नव्या कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवणाऱ्याला २५० कोटींपर्यंत दंड आहे. आकडा ऐकून छाती दडपते. पण तो दंड जाणार भारताच्या एकत्रित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत. जिचा रिपोर्ट फुटला, त्या बाईंना भरपाई देण्याची तरतूद त्या कायद्यात नाही. उलट त्यांनी केलेली तक्रार या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाला खोटी किंवा फालतू वाटली, तर त्यांनाच १० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो! शेजाऱ्याच्या बैलाने माझं पीक खाल्लं आणि कोंडवाड्याचा दंड ग्रामपंचायतीने घेतला. माझ्या पिकाचं काय, ते कुणीच विचारलं नाही, तसा हा प्रकार.

माझं मागणं मोठं नाही. ४३ए वगळण्याचा तो भाग अमलात येण्याआधी मागे घ्या, किंवा दंडातला वाटा नुकसान झालेल्याला मिळेल अशी दुरुस्ती संसदेत आणा. सरकारी खात्यांनाही त्यात घ्या. रेशन कार्डापासून सातबाऱ्यापर्यंत आमचं सगळं तुमच्याकडेच आहे. आणि फट सापडल्यावर गैरफायदा न घेता कळवणाऱ्याला कलम ४३ मधून स्पष्ट शब्दांत वगळा.

त्या लॅबने ती फट बुजवली का, हे मला सांगता येणार नाही. लिंकमधला आकडा पुन्हा बदलून बघायची माझी हिंमत होत नाही.

आपला,
पुण्यातला एक नागरिक