फिशपाँडची चिठ्ठी आधी तिला दाखवा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुलांना विनोद कसा करावा हे शाळेने शिकवावे, असे सांगणारा कालच्या अंकातला लेख दोनदा वाचला. लेखकाची तळमळ खरी आहे. पण ज्याच्यावर विनोद होतो त्या मुलाचा अख्ख्या लेखात एकदाही उल्लेख नाही. माझी मुलगी त्यांतली आहे, म्हणून लिहिते.

ती बोलताना अडखळते. शब्दाचे पहिलेच अक्षर अडते, आणि समोरच्याने घाई केली की जास्तच अडते. गेल्या वर्षी नववीत असताना स्नेहसंमेलनात तिला फिशपाँड पडला : "हिला वर्गातर्फे भेट, एक जुनी स्कूटर. किक मारत राहा, कधीतरी चालू होईल." चिठ्ठी टाकणारा पोरगा चौदा वर्षांचा असेल, त्याच्यावर माझा राग नाही. पण पेटीतल्या चिठ्ठ्या निवडायला दोन शिक्षक बसले होते. त्यांनी ती वाचली आणि ठेवून घेतली. मग त्यांतल्याच एकाने माइकवर तिचे नाव घेऊन वाचून दाखवली, वर किक मारल्याचा आवाजही काढला. सगळा मांडव हसला. माझ्या शेजारी बसलेल्या बाई हसल्या आणि माझ्याकडे लक्ष गेल्यावर गप्प झाल्या. मुलगीही हसली. फिशपाँडला चिडायचे नसते, हे तिलाही माहीत होते.

सोमवारपासून तिने हजेरीला 'हजर' म्हणणे सोडले. नुसता हात वर करते, अजूनही.

मी शाळेत जाऊन भेटले. "अहो, गंमत असते, मनावर घेऊ नका. मुलांमध्ये खिलाडूवृत्ती हवी." तिला या खेळात घेताना कोणी विचारले होते का? एक शिक्षिका म्हणाल्या, "पण प्रार्थनेत ती कधीच अडत नाही." म्हणजे पोरगी सोंग करते, असा वर्गातल्या मुलांचाच नव्हे, शिक्षकांचाही समज. संपादक महोदय, गाताना किंवा सगळ्यांबरोबर एका सुरात म्हणताना अडखळणाऱ्या बहुतेकांचे बोलणे मोकळे होते. स्पीच थेरपिस्टने पहिल्याच भेटीत आम्हाला हे सांगितले होते. वर्गात कोणी पाच मिनिटे काढून एवढे सांगितले असते, तरी ती चिठ्ठी कदाचित लिहिलीच गेली नसती.

विनोदाला माझा विरोध नाही. माझ्या माहेरी जत्रेत तमाशा यायचा. वगातला सोंगाड्या भर दरबारात राजाची टर उडवायचा आणि आम्ही पोरे हसून लोळायचो. पण राजाला गादी होती. माझ्या मुलीच्या तोंडून त्या क्षणी एक शब्द सुटत नव्हता. घरी ती स्वतःच भावाला म्हणते, "थांब, रेंज येतेय," आणि तिच्यासकट आम्ही सगळे हसतो. तेच वाक्य वर्गात कोणी तिला ऐकवले, तर त्या रात्री ती जेवत नाही. मुलांना हा फरक कळतो, मोठ्यांनी दाखवला तर. ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका हिंदी चित्रपटाच्या प्रकरणात हाच फरक केला : अपंगत्वाविषयीची समज वाढवणारा विनोद वेगळा आणि अपंग माणसाला हिणवणारा वेगळा. तेव्हा लेखकांनी सुचवलेले प्रशिक्षण आधी चिठ्ठ्या निवडणाऱ्या शिक्षकांना द्यावे.

आणखी एक. आपल्या बालपुरवणीतल्या विनोदांच्या चौकटीत मागच्याच महिन्यात 'तोतरे गिऱ्हाईक आणि दुकानदार' छापून आले होते. दुसऱ्या दिवशी ते वर्गात फिरले, आणि कोणाकडे बघून वाचले गेले ते मी सांगायला नको. जाड्या मुलगा आणि टकले मास्तर तर दर रविवारी असतात. ही चौकट कोण निवडते? कालचा लेख छापणाऱ्या वर्तमानपत्राला ती शोभत नाही.

यंदाच्या स्नेहसंमेलनाची सूचना आली आहे. फिशपाँड बंद करा, असे मी म्हटलेले नाही. मुख्याध्यापकांना लेखी विनंती केली आहे की प्रत्येक चिठ्ठी ज्याच्या नावाची आहे त्याला आधी दाखवावी आणि त्याने हो म्हटले तरच वाचावी. मग मजा जाईल, असे कार्यालयात मला सांगण्यात आले. जाऊ दे ती मजा. पत्र देऊन तीन आठवडे झाले, उत्तर नाही. पेटी मात्र जिन्याखाली ठेवून झाली आहे.

आपली,
एक पालक, सातारा
(कृपया नाव छापू नये.)