रब्बींच्या गौरवाला तोराची नवी गुंडाळी

संपादक महोदय,

प्रदीर्घ सेवेबद्दल रब्बींचा गौरव झाल्याच्या बातम्यांत त्यांना सर्रास 'ज्यूंचे पुजारी' म्हटले जाते, ते खटकते. रब्बी म्हणजे शिक्षक आणि धर्मनियमांचे जाणकार. सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढांची गणसंख्या लागते. रब्बी नसले तरी ती अडत नाही. त्यांचे खरे काम दिसते ते शिकवलेल्या मुलांत, आजाऱ्यांच्या उशाशी, मयताच्या घरी.

अशा गौरवाला सर्वात शोभणारी भेट म्हणजे तोराची, म्हणजे ज्यूंच्या पवित्र धर्मग्रंथाची, नवी हस्तलिखित गुंडाळी. तिच्यात ३,०४,८०५ अक्षरे. कमावलेल्या कातड्यावर पिसाने किंवा बोरूने लिहिताना एका लेखनिकाला साधारण वर्ष लागते. एक अक्षर गळले, दोन एकमेकांना चिकटली किंवा शाईचा पोपडा उडून अक्षर तुटले, तरी दुरुस्तीपर्यंत ती वाचनाला चालत नाही. साधी चूक खरवडून सुधारता येते. ईश्वराचे नाव मात्र खोडता येत नाही. तिथे घोटाळा झाला तर बहुधा अख्खे पान बदलावे लागते आणि जुने पान जमिनीत पुरावे लागते.

शेवटची काही अक्षरे केवळ बाह्यरेषेत ठेवून समारंभात भरतात. शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवशी, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत, लिहिणे वर्ज्य असल्याने हा कार्यक्रम रविवारी ठेवावा. आणि घाई नको! शाई पूर्ण वाळण्याआधी गुंडाळी मिटली तर अक्षरे पुसटतात.

– एक वाचक