रॉड काय त्या पोरांच्या बापाचा नाही

चिऊ,

काल फोनवर म्हणलीस की विद्यापीठाच्या जिमला जायचं बंद केलं, बाहेर एक लेडीज जिम चांगली आहे, महिन्याचे पैसे पाठव. का बंद केलं विचारलं तर म्हणे तिथं सगळी पोरंच असतात, बेंच अडवून मोबाईल बघत बसतात, मी आपली कोपऱ्यातल्या ट्रेडमिलवर चालते आणि परत येते. पुढं रेंज गेली का तूच कट केलास देव जाणे, म्हणून हे टाईप करायले. नाइट ड्युटी आहे, वॉर्ड शांत आहे (असं म्हणू नये म्हणतात सिस्टर लोकं, म्हणलं की लगेच ॲडमिशन येतं).

पैसे पाठवणार नाही. चिडू नको, आधी वाच. तुझ्या फीची पावती काढून बघ, त्यात जिमखाना फी म्हणून रकाना असतो, ती आपण भरलीय. आता जे आपल्या पैशाचं आहे ते पोरांना सोडून देऊन दुसरीकडं परत पैसे भरायचे, हे माझ्या डोक्यात काही बसत नाही.

आणि नुसतं ट्रेडमिलवर चालायचं असंल तर जिम कशाला पाहिजे, सकाळी कॅम्पसमधी चाल की, फुकट आहे. जिममधी जायचं ते वजन उचलायला. डब्ल्यूएचओचं पण तेच सांगणं आहे, आठवड्याला 150 ते 300 मिनिटं भरभर चालणं आणि वरून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, आणि ते दुसरं आपल्या बायका कधीच करत नाहीत. कडबा वाहतात, हंडे वाहतात, पण ते अर्धपोटी आणि कंबर मोडून, त्याला व्यायाम म्हणायचा नाही.

वॉर्डात मी रोज बघते ना. परवा एक मावशी होत्या, साठीच्या, हात मोडून आलेल्या, मोरीत पाय घसरला. मोडलेला हात जुळंल गं, पण त्यांना खाली बसलं की उठताच येत नाही, घरी म्हणे बादलीची कड धरून उठतात, आणि त्या दिवशी बादलीच कलंडली. मांडीत जोरच राहिला नाही. हाडं साधारण तिशीपर्यंत भरतात आणि पाळी गेली की झपाट्यानं झिजायला लागतात, म्हणजे भरायचे दिवस तुझे आत्ता चालू आहेत, आणि हाडाला वजनाचा ताण मिळाला तर ते चांगलं भरतं. माझे ते दिवस कधीच गेले, तुला म्हणून एवढं सांगायले.

आता डेडलिफ्टची, म्हणजे जमिनीवरचा रॉड वाकून उचलायची, भीती वाटते म्हणतीस. अगं ते तर आम्ही रोज करतो! पेशंटला बेडवरून व्हीलचेअरवर घेताना काय करतो, पाय जरा फाकवायचे, पाठ सरळ, ढुंगण मागं काढून वाकायचं, पेशंट अंगाला चिकटून ठेवायचा आणि पायाच्या जोरावर उठायचं. हात लांब करून उचललं की संपलं, कंबर गेलीच म्हणून समज. रॉडचं पण तसंच, नडगीला घासून वर आला पाहिजे. पण एक लक्षात ठेव, तो मोठा सरळ रॉड नुसताच 20 किलोचा असतो, एक प्लेट न लावता. त्यामुळं सुरुवात डंबेलवर कर, छातीशी एक डंबेल धरून बैठका मार, इन्स्ट्रक्टर सरांना म्हण माझा फॉर्म, म्हणजे उचलायची पद्धत, बघा, ते त्यासाठीच असतात. वहीत लिहीत जा किती किलो, किती वेळा उचललं (रेप्स), आणि जमायला लागलं की मगच थोडं थोडं वाढव, बाजूच्या पोरानं किती लावलंय ते बघून नाही.

बेंच अडवून बसलेल्याला सरळ विचारायचं, "दादा, किती सेट राहिलेत?" एवढंच. नव्वद टक्के पोरं गपगुमान उठतात, त्यांनाच आपल्यापेक्षा जास्त लाज असते. संध्याकाळी सहाला जाऊच नको, तेव्हा गर्दी असणारच, लेक्चरच्या मधी अकरा-बाराला जाऊन बघ. चार-पाच पोरी मिळून लेडीज टायमिंगसाठी क्रीडा विभागाला अर्ज द्या, तोंडी बोलू नका, अर्ज द्या आणि आवक नंबर घ्या, त्याशिवाय कागद हलत नसतो. आणि कुणी मुद्दाम फोटो काढला, मागं लागला, तर ते सहन करायचं काम नाही, अंतर्गत तक्रार समिती 2013 च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या प्रत्येक ठिकाणी असावीच लागते, लेखी द्यायचं आणि मला फोन करायचा.

जायच्या आधी हिमोग्लोबिन तपासून घे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयातल्या 57 टक्के बायकांना रक्त कमी निघालंय, तुझं 12 च्या खाली असंल तर जिना चढतानाच धाप लागंल, मग म्हणशील जिम मला सूट होत नाही. जेवल्या जेवल्या चहा पिऊ नको, लोह अंगी लागत नाही, भाजीवर लिंबू पिळ. वजन 50 धरलं तर व्यायाम करणारीला दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रोटीन लागतं. एका अंड्यात 6 ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यात साधारण तेवढंच, आणि सोया चंक्समधी तर 100 ग्रॅमला 50 च्या आसपास. आपण सोयाबीन पिकवायचं, पोत्यानं मार्केट यार्डात घालायचं आणि घरात खायचं मात्र नाही, कमाल आहे! जिममधी कुणी सुटी प्रोटीन पावडर विकत असंल तर घ्यायची नाही, डब्यावर काय लिहिलंय आणि आत काय आहे त्याचा भरवसा नसतो.

पाळीत बरं वाटत असंल तर जा, नसंल तर झोप, त्याचा एवढा बाऊ नको. एप्रिल-मे मधी पारा 40 च्या वर जातो, तेव्हा मात्र दुपारचं सोडून सकाळीच उरकत जा आणि बाटली भरून ने.

तुझ्या आत्याला कळलंच आहे. "पोरीला पैलवान करायलीस का, लग्न कोण करंल" चालू झालंय. मी म्हणलं, बायकांच्या अंगात ते टेस्टोस्टेरॉन पुरुषांपेक्षा लई कमी असतं, दोन डंबेल उचलून कुणी पैलवान होत नाही, आणि झालीच तर बरंच आहे. मीराबाई चानू 2021 ला टोकियो ऑलिम्पिकमधी 49 किलोच्या गटात खेळली, 115 किलो डोक्यावर उचलले, पदक घेऊन आली. आणि लांब कशाला, आपल्या धाराशिवची सारिका काळे, खो-खो खेळून 2020 चा अर्जुन पुरस्कार मिळाला तिला. आत्या गप बसली नाही, पण विषय बदलला.

रविवारच्या एसटीनं शेंगदाणे, फुटाणे आणि ज्वारीचं पीठ पाठवते, रूममेटला पण दे. सोमवारी जिमला गेलीस की मेसेज कर, आरशातला फोटो नको, किती किलो उचलले तो आकडा पाठव.

आई