चि. मेघनास, माटुंग्याला

चि. मेघना,
अनेक आशीर्वाद.

आखाजीला आलीस आणि आत्याशी ते बोलणं झालं, तर दुसऱ्या दिवशी सकाळीच भुसावळ गाठलंस. आई म्हणते फोन कर. फोनवर आपण दोघंही लगेच चढतो, म्हणून लिहितोय. हातमोज्यांचा विषय काढायचा नाही, असं ठरवून बसलोय.

आत्याला कॅन्सर, आणि तू प्रयोगशाळेत त्याच्याच औषधावर काम करतेस, म्हणून ती म्हणाली, "तुझं ते औषध मला नाही का चालणार?" तू म्हणालीस, "ते अजून उंदरांवर आहे." त्यात खोटं काही नव्हतं. पण तिला भाचीशी दोन शब्द बोलायचे होते गं. 2021 मध्ये काळ्या बुरशीच्या दिवसांत लोक चिठ्ठ्या घेऊन दुकानात यायचे, त्यावरचं लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन हे इंजेक्शन मागायचे. स्टॉकिस्टकडेच माल नव्हता, मी कुठून देणार? पण नाही म्हणताना आधी स्टूल पुढे करायचो, पाणी द्यायचो. तू शिकलेली आहेस, तुला एवढं कळायला हवं... बघ, झालं सुरू माझं भाषण. माफ कर.

खरं तर त्या रात्री तू ताटातली सांजोरी उचलून तुझं औषध समजावलंस, ते मला फार आवडलं. वरची पारी स्निग्ध पदार्थाची, आत सारणाच्या जागी औषधाचे स्फटिक, आणि सगळं मिळून मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढं. वर पॉलिमरचं आवरण, म्हणजे यकृत-प्लीहेतल्या पेशींनी ते लगेच गिळू नये. कॅन्सरच्या गाठीतल्या रक्तवाहिन्या झिरपऱ्या असतात, तिथून ते आत शिरतं, हे माएदा आणि मात्सुमुरा या जपान्यांनी 1986 मध्ये मांडलं, हेही सांगितलंस. आणि लगेच पुढे, उंदरात जितकं झिरपतं तितकं माणसात झिरपत नाही, प्रत्येकाची गाठ वेगळी. स्वतःच्याच विषयाचा कमकुवतपणा तू न विचारता सांगितलास. आई स्वयंपाकघरातून बघत होती माझ्याकडे. मी काही बोललो नाही, पण तिला कळलं.

मोठ्या मायला डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरचं औषध, साधं, वेष्टन नसलेलं, चालू होतं तेव्हा तू लहान होतीस. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आम्ही उतरायचो. ती लाल सलाईन. पहिल्यांदा तिला लाल लघवी झाली तेव्हा रक्त समजून मी सिस्टरला हाका मारत सुटलो. औषधाचाच रंग तो. मातीतल्या जंतूपासून निघालेलं औषध, हे कळल्यावर माय म्हणाली, "मंग आपल्या काळ्या मातीत नसीन का ते?" पुढे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढला, तर पंपिंग कमी झालेलं. या औषधाचा जन्मभराचा कोटा असतो म्हणे, त्यापुढे हृदय धोक्यात. तिचं ते बंद झालं.

तेच औषध चरबीच्या वेष्टनात घालून 1995 पासून अमेरिकेत मिळत होतं. ते गाठ जास्त मारतं असं नाही, पण हृदय सांभाळतं, हे तूच सांगितलंस. 2012 मध्ये अमेरिकेतच त्याचा तुटवडा पडला, तेव्हा त्यांनी आपल्या इथं बनणारं तेच औषध, लिपोडॉक्स, मागवून घेतलं. ही गोष्ट मी दुकानात येईल त्याला सांगतो. फ्रीजमध्ये ठेवायचं पण गोठू द्यायचं नाही, मिठाच्या सलाईनमध्ये मिसळायचं नाही, डेक्स्ट्रोजच्या म्हणजे साखरेच्या सलाईनमध्ये मिसळायचं, हेही सांगतो. गिऱ्हाईक आलेलं असतं खोकल्याच्या औषधाला.

पण तू म्हणालीस, हृदय वाचतं आणि तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात. तेव्हापासून माझं मन तिथंच अडकलंय. मायला सलाईन लावणारी सिस्टर हातमोज्यांवर हातमोजे घालायची, वर झगा. ते औषध शिरेबाहेर गेलं तर मांस जळतं. तिच्याकडे तर बाटलीत पातळ केलेलं यायचं. तू पावडर तोलतेस. पंख्याखाली तोलत नाहीस ना? वाऱ्याने उडते ती. तुमच्याकडे त्यासाठी काचेचं बंद कपाट आहे, हे तू मागेही सांगितलंस, मला आठवतंय. तरी घाईच्या दिवशी, रात्री उशिरा, बरोबर कोणी नसताना?

तुझ्या वयाची असताना आई उघड्या हातांनी कपाशीवर फवारा मारायची आणि तसंच येऊन भाकरी थापायची. तेव्हा मला काहीच वाटलं नाही. आता वाटतं. म्हणून तुला त्रास देतो.

आत्याची पुढची तारीख सोमवारी आहे. त्याआधी तिला फोन कर. दुपारी तिचा डोळा लागतो, पाचनंतर कर. औषधाचं काही सांगू नकोस, तिने विचारलं तरच सांग. तिच्या डॉक्टरांनी साधंच औषध लिहिलंय, आधी इको काढायला सांगितलाय. ते बरोबर आहे का, एवढं मला वेगळं कळव.

आणि हातमोज्यांचं मला नाही सांगितलंस तरी आईला सांग. ती विचारते.

तुझा,
बाबा