“टोचलंस का?” विचारणाऱ्या ताईंना

ताई,

तुमचं नाव इथे घालत नाही, घातलं तर तुम्हीच रागावाल. पण तेव्हा आभार मानायचे राहिले, ते आता चारचौघांत मानते.

एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला माझ्या वाट्याला स्ट्रेप्टोकॉकस हा घसा बिघडवणारा जंतू आला होता. रात्रभर ३७ अंशांना ठेवलेली ब्लड अगारची (रक्त मिसळलेल्या जेलीची) प्लेट काढली, तर बारीक बारीक कॉलनीज छान उगवलेल्या, पण भोवतीचं रक्त जसंच्या तसं लाल. वहीत ‘हिमोलिसिस नाही’, म्हणजे रक्तपेशी फुटल्या नाहीत, असं लिहून मी मोकळी झाले. तुम्ही शेजारच्या टेबलावरून विचारलंत, “टोचलंस का?” मी लूपने, म्हणजे जंतू लावायच्या तारेच्या कड्याने, वरवर नुसत्या रेघा ओढल्या होत्या. तुम्ही नवी प्लेट घ्यायला लावलीत. दुसऱ्या दिवशी लूप अगारमध्ये खुपसलेल्या जागांभोवती रक्त विरघळून काचेसारखं स्वच्छ झालं होतं. तुम्ही प्लेट माझ्या वहीवर ठेवलीत आणि त्या स्वच्छ जागेतून माझंच ‘हिमोलिसिस नाही’ मला वाचायला लावलंत.

रक्तपेशींना भोकं पाडणाऱ्या या जंतूच्या विषाला, स्ट्रेप्टोलायसिन ओला, ऑक्सिजन सोसत नाही; वरती ते निकामी होतं, अगारच्या पोटात शाबूत राहतं. हे पुस्तकातही होतं म्हणा. पुस्तकात नव्हता तो तुमचा पुढचा प्रश्न: “भोक पडलं की पेशी मरतेच का गं?”

मी “हो” म्हणाले. मग तुम्ही हातमोज्यांच्या खोक्यावर दोन वर्तुळं काढलीत. लहान वर्तुळ स्टॅफिलोकॉकस या दुसऱ्या जंतूच्या अल्फा टॉक्सिन नावाच्या विषाचं: सात रेणू एकत्र येऊन केलेली अरुंद नळी, त्यातून आयन आणि बारीकसारीक रेणूच जातात. मोठं स्ट्रेप्टोलायसिनचं: पेशीच्या पडद्यातलं कोलेस्टेरॉल धरून तीसेक किंवा जास्त रेणू कडं करतात आणि जवळपास २५ ते ३० नॅनोमीटरचं भोक पाडतात, ज्यातून अख्खी प्रथिनंही जातील. आणि तरीही भोकं थोडी असतील तर पेशी तगते. बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं, तीच तिला वर्दी. पडद्याचा भोक पडलेला तुकडा ती फुग्यासारखा खुडून बाहेर टाकते.

खरी गंमत पोटॅशियमची. ते बाहेर गळायला लागलं की पेशीच्या आत एनएलआरपी३ हे पहारेकरी प्रथिन जागं होतं, त्यातून इन्फ्लमासोम हा प्रथिनांचा जुडगा उभा राहतो, कॅस्पेज-१ हे कापणारं एन्झाइम कामाला लागतं आणि इंटरल्युकिन-१ बीटा हा निरोप्या रेणू तयार होऊन दाहाची हाकाटी सुरू होते. म्हणजे जंतू न ओळखताही, नुसत्या गळतीवरून पेशीला कळतं की काहीतरी बिघडलंय. तेच कॅस्पेज गॅसडर्मिन डी नावाचं प्रथिन कापतं, आणि ते पेशीच्या स्वतःच्या पडद्याला आतून भोकं पाडतं. “म्हणजे शेवटी ती स्वतःच?” असं मी विचारल्यावर तुम्ही हसलात आणि म्हणालात, आपल्या मारक पेशींचं परफोरिन आणि कॉम्प्लिमेंटची, म्हणजे रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या प्रथिनांची, शेवटची कडी हेही याच धंद्यातले. या दोघांची आणि स्ट्रेप्टोलायसिनसारख्या विषांची घडण एकाच कुळातली असल्याचं २००७ मध्ये स्फटिकरचनांवरून दिसलं. मला तेव्हा थोडी भीतीच वाटली होती.

न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जंतूचं तसलंच विष, न्यूमोलायसिन, तुम्ही घाईत सांगितलंत, कारण लॅब बंद व्हायची वेळ झाली होती. ते मुख्यतः जंतू फुटल्यावर बाहेर पडतं, म्हणून जंतू फोडणाऱ्या औषधाने विष सांडूही शकतं. गंभीर स्ट्रेप्टोकॉकल संसर्गात पेनिसिलिनच्या जोडीला क्लिंडामायसिन का देतात, ते मला त्या पाच मिनिटांमुळे कळलं: ते जंतूचं प्रथिन बनवणंच अडवतं, विषासकट.

आता मी निदानाच्या लॅबमध्ये आहे. एएसओ (स्ट्रेप्टोलायसिन ओविरुद्धच्या अँटिबॉडीजची रक्ततपासणी) वाढलेला आला की रुग्ण घाबरून फोन करतात, “हृदयाला धोका आहे का?” त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की मागे केव्हातरी स्ट्रेप्टोकॉकसचा संसर्ग झाला होता आणि शरीराने त्या भोकं पाडणाऱ्या विषाविरुद्ध अँटिबॉडीज केल्या. हृदयाला इजा करू शकणारा ऱ्हुमॅटिक फिव्हर आहे की नाही, ते इतर लक्षणं बघून डॉक्टर ठरवतात. हे मला फोनवर न अडखळता सांगता येतं, ते तुमच्या त्या खोक्यामुळे.

तुमची,
नुसत्या रेघा ओढणारी